टोमॅटो आणि डेझी एकाच गच्चीवर: कुणाला काय, किती आणि कधी

पुण्यात दिवाळीनंतर गच्चीवरच्या बागांबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, टोमॅटो कमरेएवढा वाढलाय, पानं हिरवीगार आहेत, पण फळ धरत नाही. दुसरी, डेझीची रोपं नर्सरीतून आणली तेव्हा कळ्यांनी भरलेली होती आणि महिन्याभरात मधोमध कुजून गेली. बहुतेक वेळा या दोन्ही कुंड्या शेजारी-शेजारी असतात. दोघांना एकच माती भरलेली असते, रोज एकाच झारीनं सारखंच पाणी मिळतं आणि दर रविवारी तीच मूठभर खताची खुराक पडते.

दोन्ही झाडांना ऊन आवडतं, दोन्ही पुण्याच्या थंडीत खुलतात, म्हणून त्यांच्या बाकीच्या गरजाही सारख्याच असतील असं वाटतं. तसं नाही. टोमॅटो वांगी-मिरची-बटाट्याच्या कुळातला. त्याला खोल माती, भरपूर अन्न आणि न चुकणारं पाणी लागतं. डेझी शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातली. तिला हलकी माती, थोडं अन्न आणि दोन पाण्यांमध्ये कोरडी विश्रांती हवी असते. खाली दिलेला क्रम पाळा. टप्पे उलटसुलट झाले तर पुढची मेहनत वाया जाते, विशेषतः पहिले तीन.

1. आधी ऊन मोजा, मग कुंडी विकत घ्या

उन्हाचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो, कारण लोक मे महिन्यात पाहिलेलं ऊन डिसेंबरात गृहीत धरतात. पुण्यात मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या गॅलरीतही ऊन येतं. डिसेंबरात मात्र तोच सूर्य दुपारी दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण 48 अंशांवर असतो. उत्तरेच्या गॅलरीत तेव्हा ऊन जवळपास नसतंच आणि दक्षिणेच्या गॅलरीत ते आतपर्यंत शिरतं. टोमॅटो आणि डेझी दोन्ही आपल्याकडे थंडीतच वाढवायची, तेव्हा हिशेब थंडीतल्या उन्हाचा करायचा.

गच्चीवरही हाच घोटाळा होतो. दक्षिणेकडचा कठडा 3 फूट उंच असेल तर डिसेंबरात भर दुपारीसुद्धा त्याची सावली जवळजवळ पावणेतीन फूट आत पडते. त्या कठड्याला टेकवून जमिनीवर ठेवलेल्या कुंड्या मोकळ्या गच्चीवर असूनही सावलीत राहतात. कुंड्या तीन फूट आत घ्या, नाहीतर उंच स्टँडवर चढवा. उत्तरेच्या कठड्यालगतची जागा थंडीत सगळ्यात उत्तम, आणि ती बहुतेकांच्या घरी रिकामी असते किंवा तिथे कपड्यांची दोरी असते.

टोमॅटोला किमान 6 तास थेट ऊन हवं, 8 मिळालं तर फारच छान. शास्ता डेझी (पांढऱ्या पाकळ्या, पिवळा डोळा असलेली) 5 तासांवर निभावते, त्यामुळे पूर्वेच्या गॅलरीतलं सकाळचं ऊन तिला पुरतं. आफ्रिकन डेझीला, म्हणजे डायमॉर्फोथेकाला, मात्र उघडं ऊनच लागतं. सावलीत आणि ढगाळ दिवशी तिची फुलं उमलतच नाहीत, मिटलेली राहतात. फुलं उघडत नाहीत म्हणून तिला औषध मारणारे लोक मी पाहिलेत. तिला औषधाची गरज नसते, जागा बदलायची असते.

*तपासा:* सुट्टीच्या दिवशी सकाळी 8 पासून दर तासाला जागेवर जाऊन बघा आणि थेट ऊन किती वेळ पडतं ते कागदावर लिहा. शेजारच्या इमारतीची सावली कधी येते हेही लिहा. हे सप्टेंबरात करत असाल तर लक्षात ठेवा, डिसेंबरापर्यंत सावल्या उत्तरेकडे आणखी लांब होणार आहेत.

*सावधान:* मोठ्या टोमॅटोची ओली कुंडी सहज 20 किलोच्या आसपास जाते. अशा दहा कुंड्या गच्चीच्या मधोमध एका जागी जमवू नका. भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेत मांडा आणि प्रत्येक कुंडी विटांवर उचलून ठेवा, म्हणजे खाली पाणी साचून गळती होणार नाही.

2. कॅलेंडर: टोमॅटो आधी, डेझी नंतर

दोघांचं बी एकाच दिवशी पेरणं ही नेहमीची घाई. टोमॅटोचं बी 25 ते 30 अंशांत पटकन रुजतं. शास्ता डेझीला रुजायला 15 ते 21 अंशांचा गारवा आवडतो. ऑगस्टअखेरीच्या दमट हवेत पेरलेलं डेझीचं बी बरेचदा कुजतं. टोमॅटो उशिरा पेरला तर त्याची फुलं फेब्रुवारी-मार्चच्या तापत्या दिवसांत येतात आणि गळतात.

पुण्यात टोमॅटोचं बी 20 ऑगस्ट ते 20 सप्टेंबरच्या दरम्यान पेरा, म्हणजे साधारण गणपतीच्या दिवसांत. 25-30 दिवसांनी रोपं कुंडीत जातील, तोवर पाऊस ओसरलेला असेल. लावणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी फळ हाताशी येतं, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीपासून. डेझीचं बी दसऱ्याच्या आगेमागे, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून 20 ऑक्टोबरपर्यंत. फुलं जानेवारीपासून.

टोमॅटोची पेरणी वेळेत का उरकायची हे नीट समजून घ्या. दिवसाचं तापमान 32-35 अंशांच्या वर किंवा रात्रीचं 22-24 च्या वर राहिलं की टोमॅटोचा पराग नीट काम करत नाही, फूल देठापासून गळून पडतं. मार्चपासून पुण्यात दुपारी हेच होतं. एप्रिलात फुलं गळतात म्हणून कितीही खत घातलं तरी उपयोग नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा फळ धरायचा खरा काळ आहे आणि त्या काळात झाड फुलावर असायला हवं.

3. जात निवडताना

टोमॅटोच्या दोन सवयी असतात. काही जाती ठरावीक उंचीला थांबून झुडपासारख्या वाढतात आणि बरीचशी फळं एकदम देतात. काही वेलासारख्या वाढतच राहतात आणि हळूहळू तोडा देतात. पाकिटावर हे लिहिलेलं असतं, नसेल तर दुकानदाराला विचारा, कारण फुटवे काढायचे की नाही हे यावरच ठरतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या धनश्री आणि भाग्यश्री या जाती महाराष्ट्राच्या हवेसाठीच काढलेल्या आहेत. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण पर्णगुच्छ विषाणू, लवकर येणारा करपा आणि जिवाणूजन्य मर या तिन्हींना तोंड देतो. पर्णगुच्छ पांढरी माशी पसरवते, तेव्हा तिचा त्रास दरवर्षी होत असेल तर हाच घ्या. ऊन 6 तासांपेक्षा कमी असेल तर मोठ्या फळाच्या नादाला न लागता चेरी टोमॅटो लावा.

डेझी म्हणून आपल्याकडच्या नर्सरीत तीन-चार वेगळी झाडं विकली जातात. पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळा डोळा असलेली बहुवर्षायू ती शास्ता. नारिंगी, पिवळ्या, पांढऱ्या फुलांची आणि एका हंगामात संपणारी ती डायमॉर्फोथेका. मोठ्या, भडक रंगाचं एकेरी देठाचं फूल म्हणजे जर्बेरा. तीही याच कुळातली, पण तिची निगा बरीच वेगळी, आणि ती इथे घेत नाही. नाव विचारूनच रोप घ्या. माझा सल्ला असा: पहिल्या वर्षी डायमॉर्फोथेका बियांपासून करा आणि शास्ता तयार रोप आणून लावा. शास्ता बियांपासून केली तर पहिल्याच थंडीत फुलेल याचा भरवसा नसतो.

4. कुंडी आणि माती: इथे दोघांचे रस्ते वेगळे होतात

टोमॅटोला 15 ते 20 लिटरची कुंडी किंवा ग्रो बॅग. 10 इंची कुंडीत टोमॅटो जगतो, पण दुपारी कोमेजतो, संध्याकाळी सावरतो, आणि या रोजच्या ओढाताणीत फळं बिघडतात. डेझीला उलट 8 ते 10 इंची कुंडी पुरे. मोठ्या कुंडीत लहानशी डेझी लावली की मुळांच्या पलीकडची माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कूज तिथून सुरू होते.

टोमॅटोसाठी मिश्रण: 4 भाग पोयट्याची माती, 3 भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, 2 भाग धुतलेलं कोकोपीट, 1 भाग जाड वाळू. कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड आणि असेल तर मूठभर बोनमील.

डेझीसाठी: 5 भाग माती, 2 भाग खत, 2 भाग जाड वाळू किंवा परलाइट, 1 भाग कोकोपीट. निंबोळी पेंड अर्धी मूठ. बाकी काही घालू नका.

नर्सरीत पोत्यात मिळणारी लाल माती बरेचदा चिकट असते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. पुण्याची काळी मातीही कुंडीत नुसती वापरली तर पाणी धरून ठेवते आणि वाळल्यावर भेगाळते. दोन्हींत वाळू आणि खत मिसळल्याशिवाय वापरू नका. बांधकामावरची वाळू घेत असाल तर चाळून, धुऊन घ्या. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात. बादलीत भिजवून दोनदा पाणी बदला, मग पिळून मिसळा.

*तपासा:* भरलेल्या कुंडीत 1 लिटर पाणी ओता. माती एकदा भिजल्यावर दुसरा लिटर ओतला की मिनिटभरात खालून थेंब पडायला हवेत. पडले नाहीत तर भोकं बुजली आहेत किंवा माती जड झाली आहे. रोप लावायच्या आधीच कुंडी उलटी करून दुरुस्त करा.

5. पेरणी

टोमॅटोचं बी अर्धा सेंटिमीटर खोल, एका खळग्यात दोन. 5 ते 8 दिवसांत कोंब येतात. दोन खरी पानं आल्यावर दोघांतला अशक्त कोंब कात्रीनं कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. ट्रे पहिल्या दिवसापासून उजेडात हवा. खिडकीच्या आत ठेवलेली रोपं लांबुडकी आणि फिकी होतात.

शास्ता पेरायचीच असेल तर बी पुरू नका. तिला रुजायला उजेड लागतो. ओल्या मिश्रणावर बी पसरून बोटानं दाबा आणि वर कोकोपीटची धूळ भुरभुरवा, बस. 10 ते 20 दिवस धीर धरा. या काळात झारीनं पाणी घातलं तर बी वाहून कडेला जातं, म्हणून फवारा वापरा किंवा ट्रे पाण्याच्या ताटात ठेवून खालून पाणी चढू द्या. डायमॉर्फोथेकाचं बी थोडं झाकलं तरी चालतं. जमल्यास ते थेट कायमच्या कुंडीतच टाका आणि नंतर विरळणी करून एका कुंडीत एक-दोन रोपं ठेवा.

*सावधान:* कोवळी रोपं जमिनीलगत बारीक होऊन मान टाकत असतील तर ती बुरशी आहे, तहान नाही. अशा वेळी पाणी घातलं तर पूर्ण ट्रे जातो. पाणी थांबवा, वारा आणि उजेड वाढवा.

6. लावणी: एक खोल, एक उथळ

या लेखातली एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा.

टोमॅटोच्या खोडाला मातीत पुरलं की त्यावर नवी मुळं फुटतात. म्हणून रोपाची खालची पानं काढून टाका आणि शेंड्याकडचा एक-तृतीयांश भागच वर राहील इतकं खोल लावा. लांबुडकं झालेलं रोप आडवं ठेवून शेंडा वर वळवला तरी चालतं. जास्त मुळं म्हणजे जास्त पाणी ओढणारं, उन्हात न डगमगणारं झाड.

डेझीच्या बाबतीत हेच केलं तर ती मरते. तिची सगळी पानं आणि फुटवे जमिनीलगतच्या एका गाठीतून निघतात, तिला आपण गड्डा म्हणू. हा गड्डा मातीखाली गेला की त्यात पाणी राहतं आणि झाड मधून कुजायला लागतं. सुरुवातीला सांगितलेली महिन्याभरात कुजणारी डेझी बहुतेक वेळा याच कारणानं जाते. पिशवीत मातीची पातळी जिथे होती तिथेच, किंवा किंचित वर, गड्डा आला पाहिजे. पहिल्या पाण्यानंतर माती खचते आणि गड्ड्यावर येते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा आणि बोटानं माती बाजूला सारा. टोमॅटोसारखी भर देत राहण्याची सवय इथे सोडा.

टोमॅटो लावतानाच कुंडीत 5 फुटी बांबू किंवा काठी रोवा, खोडापासून चार बोटं लांब. महिन्याभरानं झाड कलल्यावर काठी खुपसली तर मुळं तुटतात. डेझीला काठी लागत नाही. उंच शास्ता वाऱ्यानं झुकत असेल तर भोवती चार बारीक काड्या आणि एक सुतळी, एवढं पुरे.

लावणी संध्याकाळी करा. ऑक्टोबर हीटचं दुपारचं ऊन कोवळ्या रोपांना भाजतं, तेव्हा पहिले तीन-चार दिवस दुपारी जुन्या साडीचा किंवा हिरव्या नेटचा आडोसा द्या. नर्सरीत सावलीखाली वाढलेल्या रोपांना तर आठवडाभर.

*तपासा:* लावून झाल्यावर टोमॅटोचं खोड किती खाली गेलं आणि डेझीचा गड्डा किती वर राहिला, हे दोन्ही एकदा डोळ्यांनी बघा. मगच पाणी घाला.

7. पाणी: दोन पेरांचा नियम

वेळापत्रकानं पाणी घालू नका, बोटानं घाला. तर्जनी मातीत खुपसा. टोमॅटोच्या कुंडीत पहिल्या पेरापर्यंत कोरडं लागलं की पाणी द्या. डेझीच्या कुंडीत दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागेपर्यंत थांबा. डिसेंबर-जानेवारीत फळावर आलेल्या टोमॅटोला रोज साधारण एक ते दीड लिटर लागतं, फेब्रुवारीअखेर दोन ते तीनपर्यंत जातं. 10 इंची कुंडीतल्या डेझीला थंडीत एक दिवसाआड अर्धा लिटर पुरतो. आफ्रिकन डेझी त्याहूनही कमीवर राहते. हे आकडे अंदाजाचे, वारा आणि कुंडीचा प्रकार यांनी बदलतात. बोट जे सांगेल ते खरं.

टोमॅटोच्या फळाच्या बुडाला काळा, कडक डाग पडतो तो रोग नाही. फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून तो पडतो, आणि कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर, असं झालं की मातीत कॅल्शियम असूनही फळापर्यंत जात नाही. फळं तडकण्याचं कारणही बहुतेक हेच. अंड्याची टरफलं टाकून हा डाग थांबत नाही, ती कुजायला महिनोन्महिने लागतात. पाणी नियमित करा आणि मातीवर दोन इंच वाळक्या पानांचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला. शनिवार-रविवार गावाला जाणाऱ्यांनी टोमॅटोसाठी ठिबकची किंवा शेजाऱ्यांची सोय आधी करावी. डेझी दोन दिवस सहज थांबते.

आच्छादन डेझीलाही चालतं, फक्त गड्ड्यापासून तीन बोटं लांब.

पाणी सकाळी आणि मुळाशी. संध्याकाळी पानांवर पाणी मारलं की ती रात्रभर ओली राहतात. थंडीत पुण्यात पहाटे दव असतंच, त्यात ही भर पडली की टोमॅटोवर करपा येतो. डेझीच्या गड्ड्यात पाणी साचतं ते वेगळंच. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसत असेल, तर महिन्यातून एकदा खालून भरपूर वाहून जाईल इतकं पाणी घालून क्षार धुऊन काढा. कुंडीखालची ताटली अर्ध्या तासानं रिकामी करा. डेझीला साचलेलं पाणी सोसत नाही, आणि डासांचीही सोय होते.

8. खत

टोमॅटो खादाड आहे. लावणीनंतर पहिले दोन आठवडे काही देऊ नका. त्यानंतर दर 12-15 दिवसांनी ओंजळभर गांडूळखत, किंवा 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 2 ग्रॅम (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे). पहिला फुलांचा घोस दिसला की नत्र कमी करा आणि पालाश वाढवा: 13:0:45 किंवा 0:0:50 लिटरला 1 ते 2 ग्रॅम. झाड उंच, पानं गर्द आणि फूल नाही, ही सुरुवातीची पहिली तक्रार इथेच निर्माण होते. फुलावर यायच्या वेळी शेणखताची स्लरी, पेंडीचं पाणी, 19:19:19 हे सगळं एकदम चालू असतं. महिनाभर सगळं बंद करा, ऊन पुरेसं आहे का बघा, झाड आपोआप फुलावर येतं.

कॅल्शियम नायट्रेट देत असाल तर ते स्फुरद किंवा सल्फेटच्या खताबरोबर एकाच बादलीत कालवू नका. साका तळाशी बसतो आणि दोन्ही वाया जातात. निदान तीन-चार दिवसांचं अंतर ठेवा.

डेझीला महिन्यातून एकदा मूठभर खत, कळ्या दिसल्यावर एकदा 19:19:19 लिटरला 1 ग्रॅम. एवढंच. टोमॅटोचं उरलेलं खताचं पाणी डेझीत ओतायचा मोह टाळा. जास्त नत्रानं ती पानांचा गठ्ठा होते, देठ लुळे पडतात आणि मावा धावून येतो.

9. छाटणी, खुडणी आणि परागण

वेलासारख्या वाढणाऱ्या टोमॅटोत पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणारी बगलफूट पहिल्या फुलांच्या घोसाच्या खालपर्यंत सगळी काढा. बोटभर असतानाच, सकाळी, हातानं मोडून. झुडपी जातीत मात्र ती काढू नका, फळं त्याच फांद्यांवर येतात. खोड काठीला सुतळीनं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं सैल बांधा. तंबाखू मळलेल्या हातानं टोमॅटोला शिवू नका, तंबाखूतून विषाणू येऊ शकतो. साबणानं हात धुऊन मगच हात लावा.

टोमॅटोचं फूल स्वतःच फळ धरतं, पण पराग हलवून पाडावा लागतो. मोकळ्या गच्चीवर वारा आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या ते काम करतात. ग्रिल आणि काचा लावलेल्या गॅलरीत दोन्ही नसतात. सकाळी 10-11 च्या सुमारास फुलांच्या घोसामागच्या देठावर टिचकी मारा, रोज.

डेझीत बगलफूट काढायची नसते. डायमॉर्फोथेका चार-पाच इंचांची झाली की शेंडा एकदा खुडा, जास्त फांद्या फुटतात. शास्ताचा शेंडा खुडू नका, ती पानांच्या चक्रातून थेट फुलाचा देठ काढते. दोघींची सुकलेली फुलं मात्र न चुकता काढायची. मधला पिवळा डोळा फुगून तपकिरी व्हायला लागला की वेळ झाली. नुसत्या पाकळ्या ओढू नका, डोळा राहिला तर बी धरतं आणि झाड पुढच्या कळ्या थांबवतं. डायमॉर्फोथेकाचा देठ खालच्या कळीपर्यंत कापा, शास्ताचा तळाच्या पानांपर्यंत.

10. किडी: पंप वेगळा ठेवा

पांढरी माशी, मावा आणि फुलकिडे दोन्ही झाडांवर येतात, म्हणून कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा आणि आठवड्यातून एकदा पानं उलटून बघा. पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर टांगा. निंबोळी तेल लिटरला 5 मिली, त्यात 1 मिली पातळ साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून. डेझीच्या उमललेल्या फुलांवर फवारू नका, पाकळ्या डागळतात आणि तिथे येणाऱ्या मधमाश्यांना त्रास होतो.

टोमॅटोची पानं वर वळून बारीक, पिवळसर होत असतील आणि वाढ खुंटली असेल तर तो पांढरी माशी पसरवते तो पर्णगुच्छ विषाणू. औषध नाही. झाड उपटून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून टाका. पानांत पांढरट फुगीर चट्टे आणि फळांना देठापाशी बारीक छिद्रं दिसली तर टुटा ही नागअळी असू शकते. ती भारतात पहिल्यांदा 2014 मध्ये आपल्या महाराष्ट्रातच आढळली. ती पानं लगेच तोडून नष्ट करा.

*सावधान:* फुलझाडांसाठी मिळणारी आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारी) कीटकनाशकं डेझीवर मारली तरी त्याच पंपानं टोमॅटोवर काही फवारू नका आणि वाऱ्यावर थेंब तिकडे जाऊ देऊ नका. ते फळ घरातली मुलं तोडून तिथेच खातात. माझ्या मते खाण्याची झाडं असलेल्या गच्चीवर अशी औषधं आणूच नयेत.

11. हंगाम संपल्यावर

टोमॅटो मार्चअखेरीला काढा. मुळं तपासा: गाठी दिसल्या तर मातीत सूत्रकृमी आहेत आणि ते डेझीलाही सोडत नाहीत. ही माती ओली करून एप्रिल-मेच्या उन्हात पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवा. गाठी नसतील तर टोमॅटोची माती पुढच्या वर्षी डेझीला द्या. थोडी वाळू मिसळा, नवं खत घालू नका. डेझीच्या मातीत खत वाढवून ती टोमॅटोला द्या. टोमॅटोनंतर त्याच मातीत वांगी, मिरची किंवा पुन्हा टोमॅटो नको.

डायमॉर्फोथेका उन्हाळ्यात संपते. शेवटची चार फुलं न कापता वाळू द्या. त्यांत काडीसारखं आणि चपट्या पंखाचं, असं दोन प्रकारचं बी दिसेल. दोन्ही रुजतं. सावलीत वाळवून कागदी पाकिटात, नाव आणि वर्ष लिहून ठेवा. संकरित टोमॅटोचं बी मात्र धरू नका, पुढचं झाड तसं येत नाही.

शास्ताचे देठ कापून कुंडी एप्रिलपासून दुपारच्या सावलीत हलवा. पावसाळ्यात तिला पागोळीखाली ठेवू नका, छपराखाली घ्या आणि पाणी तोडा. दोन-तीन वर्षांनी गड्डा दाटला की ऑक्टोबरमध्ये कुंडीतून काढून सुरीनं तीन-चार भाग करा. प्रत्येक भागाला मुळं आणि निदान दोन फुटवे असले पाहिजेत. मधला जुना, लाकडासारखा भाग टाकून द्या आणि बाकीचे भाग सहाव्या टप्प्यात सांगितल्याप्रमाणे, गड्डा वर ठेवून लावा.